शुगरचं औषध सोडू नका, दोन्ही पर्चे एका टेबलावर ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच, की शुगरच्या औषधांनी दमा होतो, इन्सुलिननं तर नक्कीच होतो, विदेशात सिद्ध झालंय, तेव्हा गोळ्या सोडा आणि अमुक काढा सुरू करा. मी फार्मासिस्ट आहे, रामबागेच्या बाजूला आमचं मेडिकल आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं, आणि हा मेसेज वाचून लोक काउंटरवर येऊन जे विचारतायत, आणि त्याहून वाईट म्हणजे न विचारता घरी जे करतायत, ते बघून राहवेना म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय. जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण औषधांची नावं तेवढी राहू द्या, लोकांना तीच ओळखता येतात.

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, सत्तरी ओलांडलेले आजोबा, शुगर जुनी आणि थोडा दमाही आहे. त्यांनी हा मेसेज वाचून इन्सुलिन घेणं बंद केलं, आणि घरात कोणाला सांगितलंच नाही. सुनेला वाटत होतं घेतायत, कारण पेन रोज फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बाटलीशेजारी दिसायचं. एक दिवस तिच्या लक्षात आलं की सुयांची डबी महिनाअखेरीस जेवढी रिकामी व्हायला हवी तेवढी होतच नाहीये. मग ग्लुकोमीटर लावला तर शुगर चारशेच्या वर. आजोबांचं म्हणणं एवढंच, आहे तोच दमा सोसवत नाही, आणखी नको. माणूस चुकीचा नाही हो, घाबरलेला आहे, आणि घाबरवणारा मेसेज कोणी लिहिला त्याचं नाव नाही गाव नाही.

आता मेसेजमध्ये खरं किती ते सांगते. अशी संशोधनं झालीत हे खरंय. तैवानमधल्या शुगरच्या पेशंटांचा मोठा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यात इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये पुढे दमा निघण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पण त्याच अभ्यासात, अगदी त्याच, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ते कमी दिसलं! मेसेज बनवणाऱ्यानं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं. ब्रिटनमध्येही पेशंटांच्या नोंदी तपासून असंच काहीसं निघालं, इन्सुलिनच्या बाजूला जास्त, मेटफॉर्मिनच्या बाजूला कमी. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन ह्या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला आणखी एक अभ्यास आला, ज्यांना दमा आणि टाइप 2 शुगर दोन्ही आहे अशा लोकांचा, त्यात मेटफॉर्मिन सुरू केल्यावर दम्याचे ॲटॅक सुमारे 30 टक्के कमी दिसले, आणि ज्यांना त्याच्या जोडीला जीएलपी-1 गटातलं औषध, म्हणजे हल्ली वजन कमी करण्यासाठी सगळीकडे चर्चा आहे त्या सेमाग्लुटाइडच्या गटातलं, दिलं गेलं त्यांच्यात आणखी 40 टक्क्यांच्या आसपास कमी. म्हणजे शुगरच्या ज्या गोळीला लोक सगळ्यात जास्त घाबरून सोडतायत, ग्लायकोमेट म्हणा नाहीतर दुसऱ्या कुठल्या कंपनीची मेटफॉर्मिन म्हणा, तिच्याबद्दल आत्तापर्यंत दिसलेलं सगळं उलट दिशेला बोट दाखवतंय.

मग इन्सुलिनचं काय? हे नीट समजून घ्या, कारण भीती इथेच आहे. टाइप 2 शुगरमध्ये इन्सुलिन कोणाला लागतं? ज्याची शुगर दहा-पंधरा वर्षं जुनी आहे, गोळ्या पुरत नाहीत, बऱ्याचदा वजन जास्त आहे, चालणं-फिरणं कमी आहे, कधी किडनीचा त्रास सुरू झालाय. लठ्ठपणा हा स्वतःच दम्याचं एक मोठं कारण आहे. दवाखान्यात वारंवार जाणाऱ्याचा दमा पकडलाही लवकर जातो. तेव्हा इन्सुलिनवाल्यांमध्ये दमा जास्त दिसला तर तो इन्सुलिनमुळे की ज्या माणसाला इन्सुलिन लागलं त्याच्या एकूण तब्येतीमुळे, हे नुसत्या जुन्या नोंदी चाळून वेगळं काढणं फार अवघड असतं. संशोधक हिशोबात वय, वजन वगैरे धरतात, तरी सगळं पकडता येत नाही. श्वासनळीच्या स्नायूंवर इन्सुलिन काय करतं यावर प्रयोगशाळेत काम झालंय, ते होत राहावं, पण त्यावरून कोणी फ्रिजमधलं पेन बाजूला ठेवायचं नसतं. टाइप 1 वाल्या, म्हणजे ज्यांच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मुलांच्या आयांनी तर हा मेसेज वाचूसुद्धा नये, त्या मुलांना इन्सुलिन बंद म्हणजे काही दिवसांत जिवावर बेततं. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्या मुलाला इन्सुलिन दिलं त्याआधी अशा मुलांना वाचवायला डॉक्टरांकडे काहीच नव्हतं, हे आपण विसरतो.

दुसऱ्या टोकालाही जायचं नाही. मेटफॉर्मिन दम्यावर चांगली म्हणून शुगर नसलेल्या दमेकऱ्यानं शेजाऱ्याच्या पट्टीतली गोळी खायची, असंही करणारे निघतील, मला माहितीये. हे सगळे अभ्यास नोंदींवरचे आहेत, मेटफॉर्मिन दम्याचं औषध म्हणून कुठे मंजूर झालेलं नाही. किडनी कमजोर असेल तर ती देतानाही विचार करावा लागतो.

एकाच ठिकाणी मात्र शुगरचं औषध आणि दमा यांचं खरंच वाकडं आहे, आणि गंमत म्हणजे मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही. तोंडानं ओढायचं इन्सुलिन. पावडरच्या रूपात येतं, इंजेक्शन नको म्हणून लोकांना फार आकर्षण. असं पहिलं औषध एक्झुबेरा 2006 मध्ये आलं आणि 2007 मध्ये कंपनीनंच मागे घेतलं, खपलं नाही म्हणून. दुसरं अफ्रेझा, अमेरिकेत 2014 मध्ये मंजूर झालं आणि आपल्याकडे डिसेंबर 2024 मध्ये सिप्लाला त्याची परवानगी मिळाली. ह्या औषधावर अमेरिकेत सगळ्यात कडक इशारा छापलेला असतो, की दमा किंवा सीओपीडी (धुरानं, विडी-सिगारेटनं होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्याला ते दिलं तर श्वासनळ्या एकदम आवळल्या जाऊ शकतात, म्हणून अशा पेशंटांना द्यायचंच नाही, आणि बाकीच्यांनाही सुरू करण्याआधी फुप्फुसांची जांच, सहा महिन्यांनी परत, मग दरवर्षी. सुईच्या इन्सुलिनला हा इशारा नाही. 'इन्सुलिननं दमा' ही हूल कदाचित इथूनही उठली असेल, वाचणाऱ्यानं ओढायचं आणि टोचायचं यातला फरक सोडून दिला की झालं. तेव्हा दमा असेल आणि कोणी सुई नको म्हणून ओढायचं इन्सुलिन सुचवलं, तर तोंड उघडून सांगा, मला दमा आहे.

पण संपादक महोदय, मला जे खरं सांगायचंय ते पुढेच आहे. शुगर आणि दमा एकाच घरात, एकाच अंगात असणं आता काही विशेष राहिलं नाही. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासात देशात 10.1 कोटी लोकांना शुगर आहे असं निघालं, आणि दमेकरी तीन कोटींहून जास्त. आपल्या माळव्यात तर गहू निघाला की शेतातली नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, जळते, शहरात धूर येतो, त्या दिवसांत माझ्या काउंटरवर इन्हेलरची मागणी वाढते ते मी डोळ्यांनी बघते. अशा माणसाचे पर्चे दोन असतात. शुगरच्या डॉक्टरांचा वेगळा, छातीच्या डॉक्टरांचा वेगळा, आणि वयस्कर असेल तर डोळ्याचा आणि हाडाचाही. प्रत्येक डॉक्टर आपल्या जागी बरोबर असतो. नुकसान होतं ते ह्या दोन पर्च्यांच्या मधल्या जागेत, जिथे कोणीच बघत नाही. औषध सोडायच्या भीतीपेक्षा मला ही जागा जास्त घाबरवते.

सगळ्यात जास्त दिसतं ते स्टेरॉइडचं. दम्याचा जोराचा ॲटॅक आला की डॉक्टर पाच-सात दिवस प्रेडनिसोलोन देतात, ओमनाकॉर्टिल किंवा वायसोलोन नावानं, आणि ते द्यावंच लागतं, जीव वाचतो त्यानं. पण त्यानं शुगर चढते, आणि खूप चढते. त्यात एक मेख आहे जी लोकांना कोणी सांगत नाही. सकाळी गोळी घेतली की शुगर चढते ती दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी ती खाली आलेली असू शकते. आपले लोक काय करतात, सकाळी उठून उपाशीपोटी बोट टोचतात, एकशे तीस आली की खूश, आणि संध्याकाळी साडेतीनशे असते ते कळतच नाही, फक्त तोंड कोरडं पडतं, रात्री चार वेळा उठावं लागतं आणि त्याचा दोष म्हातारपणाला जातो. स्टेरॉइड चालू असेल तेवढे दिवस दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी तपासा, आणि आकडे शुगरच्या डॉक्टरांना फोनवर कळवा, तेवढ्या दिवसांपुरता डोस बदलायचा की नाही ते ते सांगतील. आणि गोळ्या संपल्यावर वाढवलेला डोस परत उतरवायचा हेही त्यांनाच विचारून, नाहीतर मग शुगर एकदम खाली.

ह्याच स्टेरॉइडच्या धसक्यानं काही शुगरवाले इन्हेलरसुद्धा सोडतात. त्यात स्टेरॉइड आहे ना ताई, शुगर वाढेल. अहो, इन्हेलरच्या एका दाबात 100, 200 मायक्रोग्राम असतं, आणि गोळी 40 मिलिग्राम म्हणजे 40,000 मायक्रोग्राम. दोन्ही औषधांची ताकद वेगळी आहे त्यामुळे सरळ भागाकार करू नका, पण अंदाज येतो. नेहमीच्या डोसचा इन्हेलर शुगर फारशी हलवत नाही, तो सोडला तर ॲटॅक येतो आणि मग तीच मोठी गोळी घ्यावी लागते जिला तुम्ही घाबरत होतात. एवढंच करा, ओढून झाल्यावर खळखळून चूळ भरा आणि थुंका, कारण शुगर असलेल्यांच्या तोंडात पांढरी बुरशी लवकर धरते.

आता आमच्या घरातलं. सासूबाईंना दोन्ही आहे. एका रात्री दम लागला म्हणून नेब्युलायझर (औषध वाफेसारखं ओढायचं मशीन) लावला, साल्ब्युटामॉल ह्या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा, आणि दहा मिनिटांत त्यांचे हात थरथर कापायला लागले, छाती धडधडतेय म्हणाल्या, घाम. जाऊबाई धावत साखरेचं पाणी घेऊन आल्या, शुगर लो झाली म्हणून, आणि कोणालाही तेच वाटलं असतं कारण लो शुगरची लक्षणं हुबेहूब अशीच असतात. मी म्हटलं आधी टोचून बघू. शुगर दोनशे साठ! कापरं साल्ब्युटामॉलचं होतं, त्यानं हात कापतात आणि धडधडतं, आणि शुगर उलट थोडी वाढतेच. ते साखरेचं पाणी पोटात गेलं असतं तर शुगर आणखीच चढली असती. म्हणून ज्या घरात नेब्युलायझर आहे आणि शुगरचा पेशंट आहे तिथे ग्लुकोमीटर त्याच कपाटात, त्याच कप्प्यात ठेवा, स्ट्रिपची तारीख बघून ठेवा. हाताशी मीटर नसेल आणि माणूस ग्लिमेपिराइड (शुगर लो करू शकणारी गोळी) किंवा इन्सुलिनवर असून गळून जात असेल, बोलणं तुटत असेल, तर मात्र साखर द्या, तिथे वाट बघायची नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

आणि जो 'दमा' दमा नाहीच त्याचं काय? हे फार आहे. शुगरच्या पेशंटला बीपी आणि किडनीसाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या 'प्रिल'वाल्या गोळ्या देतात, चांगल्याच आहेत, पण साधारण दहातल्या एखाद्याला त्यानं कोरडी खोकली लागते, घशात खवखव, रात्री जास्त, कफ नाही, ताप नाही. माणूस शुगरच्या डॉक्टरांकडे न जाता कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो, तिथे खोकल्याचं सिरप, मग दुसरं सिरप (त्यातही साखर, शुगर-फ्री मागून घ्या), मग 'दमा सुरू झालाय' आणि इन्हेलर. महिनोन्‌महिने चालतं असं. गोळी बदलून टेल्मिसार्टन, लोसार्टनसारखी 'सार्टन'वाली दिली की बहुतेकांची खोकली काही आठवड्यांत जाते. पण ती बदलायची डॉक्टरांनी, आपण आपली बंद करायची नाही.

पायोग्लिटाझोन म्हणून शुगरची एक गोळी आहे, स्वस्त आहे, मिश्र गोळ्यांमध्येही असते, तिनं काहींच्या अंगात पाणी साठतं, घोट्याजवळ दाबलं तर खड्डा पडतो, आणि हृदय कमजोर असेल तर दम लागतो, आडवं झालं की जास्त. तोही दमा समजला जातो. ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांना ही गोळी नकोच असते. आणि शुगरवाल्यांचा हार्ट ॲटॅक कधी कधी छातीत न दुखताच येतो, नुसता दम आणि घाम, म्हणून पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दम लागला आणि शुगर आहे, तर इन्हेलर ओढत घरी बसू नका, आधी ईसीजी.

आणखी एक, आणि हे बायकांनी विशेष वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या 'फ्लोझिन'वाल्या गोळ्या, ज्यांनी लघवीतून साखर जाते. 2020 मध्ये आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं तेव्हापासून ती स्वस्त झाली, आणि आता ह्या गोळ्या घरोघरी आहेत, हृदयाला आणि किडनीला फायदाही करतात. पण नवरात्रात नऊ दिवस जवळजवळ न खाता ही गोळी चालू ठेवली, किंवा उलट्या-जुलाब होत असताना चालू ठेवली, तर रक्तात ॲसिड साठू शकतं, मळमळ, पोटात दुखणं, आणि खोल खोल जोरात श्वास. बघणाऱ्याला वाटतं दमा उठला. फसवणारी गोष्ट ही की शुगर तेव्हा फार वाढलेली नसू शकते, त्यामुळे मीटर बघून लोक निश्चिंत होतात. दम्यात श्वास सोडताना शिट्टी वाजते, अडकतो. ह्यात शिट्टी नसते, श्वास मोकळा असतो पण खूप खोल आणि थांबत नाही. असं झालं तर हॉस्पिटल, आणि पर्चा बरोबर न्या. उपवास धरायच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवायची का ते ठरवा, देवी काही रागावत नाही.

डोळ्याच्या थेंबाला तर कोणी औषध समजतच नाही. शुगरवाल्यांना काचबिंदू इतरांपेक्षा जास्त होतो, त्यावर टिमोलॉल नावाचा थेंब सर्रास दिला जातो. तो डोळ्यातून नाकाच्या वाटेनं रक्तात उतरतो आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतो, दमा असेल तर तो द्यायचाच नसतो. डोळ्याचे डॉक्टर विचारतात, दमा आहे का? आणि आपली आजी म्हणते नाही, कारण तिला वाटतं डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध. हीच गोष्ट प्रोप्रॅनोलॉलची, हात कापतात म्हणून किंवा डोकेदुखीवर देतात ती गोळी, ती दमा भडकवते आणि शुगर लो झाली तर धडधड, कापरं ह्या खुणाही झाकून टाकते, म्हणजे दोन्हीकडून मार. गुडघेदुखीवर मेडिकलमधून सहज मागून नेतात त्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनचं पण तसंच, काही दमेकऱ्यांना त्या चालत नाहीत आणि शुगरवाल्याच्या किडनीला तर नकोतच. आम्ही मेडिकलवाल्यांनी अशा वेळी 'दमा आहे का' एवढं विचारलं पाहिजे, हे मी माझ्या सगळ्या व्यवसायबंधूंना जाहीरपणे सांगते.

मेसेजमधल्या काढ्याबद्दलही बोलायला हवं. कोजागरीच्या रात्री आपल्या मध्य प्रदेशात ठिकठिकाणी दम्याची खीर देतात, लोक श्रद्धेनं जातात, रात्र जागतात. श्रद्धेला मी हात लावत नाही. पण शुगर असेल तर वाटीभर गोड खीर ही शुगरच वाढवणार हे लक्षात ठेवा, आणि त्या आधारावर इन्हेलर बंद करू नका. पुड्यांचं मात्र स्पष्ट सांगते, बिना नावाच्या, बिना घटकांच्या पुड्या, 'दमा मुळापासून' आणि 'शुगर मुळापासून' वाल्या, त्यांत स्टेरॉइड किंवा शुगरची ॲलोपॅथी गोळी कुटून घातलेली सापडल्याची प्रकरणं देशात झालेली आहेत. दम्याच्या पुडीनं दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो आणि इकडे शुगर हाताबाहेर जाते, तेव्हा शंका घ्या. आणि बरेच महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, अंगाला स्टेरॉइडची सवय झालेली असते, डॉक्टरांना पुडी दाखवून हळूहळू.

दमा आहे की नाही हे ओळखायची जांच सोपी आहे, स्पायरोमेट्री, नळीत जोरात फुंकायचं, मग औषध ओढून परत फुंकायचं, फुंक 12 टक्के आणि 200 मिलिलिटरनं सुधारली तर दम्याच्या बाजूनं पुरावा. सुई नाही, दुखत नाही. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आपल्या आजी-काकूंना बऱ्याचदा दमा नसून सीओपीडी असतो, त्याचे उपाय वेगळे. फुंकल्याशिवाय आयुष्यभराचं लेबल लावून घेऊ नका.

आणि एखादं शुगरचं औषध सुरू केल्यावर खरंच दम लागायला लागला तर? तर तारीख लिहून ठेवा, औषधाचं नाव, डोस, कधीपासून, आणि ते डॉक्टरांना दाखवा. त्याची नोंद सरकारकडेही करता येते हे फार कमी लोकांना माहीत आहे. 2010 पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून, त्याचा टोल-फ्री नंबर 1800-180-3024, पेशंट स्वतः किंवा घरचा कोणीही फोन करू शकतो. ग्रुपवर दहा जणांना घाबरवण्यापेक्षा ही एक नोंद कितीतरी कामाची, कारण अशाच नोंदींवरून पुढे औषधावर इशारे छापले जातात.

आता तुमच्याकडे मागणं. आपला पेपर इंदूरच्या मराठी घरांत अजून सकाळच्या पोह्यांबरोबर वाचला जातो, आणि ज्यांना इंग्रजी पत्रक कळत नाही आणि डॉक्टरांच्या हिंदीतल्या दोन मिनिटांत सगळं विचारायचं राहून जातं त्या पिढीपर्यंत दुसरं काही पोहोचत नाही. महिन्यातून एकदा अर्धा रकाना द्या, एक शुगरचे आणि एक छातीचे डॉक्टर दोघं मिळून वाचकांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं देतील असा. आरोग्याच्या बातम्या छापताना, 'अमुक औषधाने अमुक रोग' असा मथळा द्यायच्या आधी, अभ्यास कोणावर झाला आणि औषध सोडा असं त्यात कोणी म्हटलंय का, एवढं खाली एका ओळीत लिहा. पहिल्या रकान्यासाठी औषधांच्या नावांची यादी, डोळ्याच्या थेंबांसकट, मी मराठीत टाइप करून द्यायला तयार आहे, आणि आमच्या दुकानात कोणी आपले सगळे पर्चे घेऊन आलं तर ते एका कागदावर उतरवून द्यायचं काम आम्ही आत्ताच सुरू केलंय, त्याचे पैसे घेत नाही. आजोबांच्या सुनेनं तो कागद दोन्ही डॉक्टरांना दाखवला, इन्सुलिन परत सुरू आहे, आणि छातीच्या डॉक्टरांनी त्यांचा इन्हेलर ओढायची पद्धत पहिल्यांदा तपासली, ती चुकत होती.

कळावे, लोभ असावा.

आपली एक नियमित वाचक आणि फार्मासिस्ट,
रामबाग, इंदूर